माझा हळदीचा वाफा

सकाळी सुभेदारीणबाई खाली कॉलनीच्या बागेत वाकून काम करत असायच्या आणि मी वर गच्चीवर कपडे वाळत घालत असायची. एक पातळ झटकायचं, दोरीवर टाकायचं, खाली बघायचं. दुसरं झटकायचं, परत खाली बघायचं. बादलीभर कपड्यांना मला पाऊण तास लागायचा. आमचे हे म्हणायचे, हल्ली तुला कपडे वाळत घालायला फार वेळ लागतो, गुडघे दुखतात का? मी म्हणायची, होय. आता गुडघे दुखतात, ते काही खोटं नाही. पण तेव्हा खरं दुखत होतं ते माझ्या पोटात.

ही बाग आमची कशी झाली ते आधी सांगते, म्हणजे माझ्या जळण्याला काहीतरी कारण होतं असं तरी तुम्हाला वाटेल.

सांगलीत आमची कॉलनी झाली तेव्हा मधोमध एक मोकळी जागा सोडलेली होती. कागदावर बाग, प्रत्यक्षात बाभळी, गाजरगवत आणि डुकरं. एका उन्हाळ्यात तिथं सकाळी उठून बघतो तर वाळूच्या दोन ट्रॉल्या ओतलेल्या. कुणाला तरी तिथं गाळे काढायचे होते. पुरुष मंडळी अर्ज घेऊन कचेरीत हेलपाटे घालायला लागली. मी बायकांना म्हटलं, अर्ज त्यांना करू द्या, आपण आपली उन्हाळी कामं तिथं करू. दुसऱ्या दिवशी गाजरगवत उपटून आम्ही खाटा टाकल्या, जुनी लुगडी अंथरली आणि पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, जे काय वाळवायचं ते सगळं तिथं नेऊन पसरलं. चैत्र संपला, वैशाख संपत आला, आमचं वाळवण काही संपेना. मजूर खडी घेऊन यायचे आणि उभे राहायचे. दुसऱ्याच्या कुरडयांवर पाय कोण देणार? आणि दिला तर काय ऐकून घ्यावं लागेल, हे त्यांच्या घरच्या बायकांनी त्यांना शिकवलेलंच असणार. पाऊस लागेपर्यंत अर्जाचा निकाल लागला, वाळू गेली, महापालिकेनं कंपाऊंड घालून फाटक बसवलं. त्या वर्षी आमच्या घरात एवढे पापड झाले की दिवाळीपर्यंत पाहुण्यांना बांधून देत होते.

फाटकाची चावी माझ्याकडं आली. घर फाटकासमोरच ना. पण मला तसं कधी वाटलं नाही, मला वाटलं मानानं आली. बायका चावी मागायला यायच्या, बसायच्या, चहा व्हायचा. लोक म्हणायचे, काकूंची बाग. पण बाग म्हणजे काय, तर चार जास्वंदी, एक कण्हेर आणि मधे पिवळं पडलेलं गवत. मी पाणी घालायची, बाकी मला काय येत होतं? मी बाजारपेठेतली मुलगी. माझे वडील हळदीच्या बाजारात तोलार, म्हणजे माल तोलून देणारे. हळकुंड मोडताना आवाज कसा येतो आणि मोडल्यावर आत रंग कसा दिसतो, यावरून माल ओळखायला मी दहाव्या वर्षी शिकले होते. माती मात्र मी फक्त तुळशीवृंदावनात बघितलेली.

मग पलीकडच्या गल्लीत सुभेदारीणबाई राहायला आल्या. मालक सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, गाव कोरेगावच्या बाजूला, ऊसशेती. मुलाच्या नोकरीमुळं सांगलीत आलेल्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की गल्लीच्या टोकाला हाक ऐकू जावी. पहिल्याच रविवारी बागेत आल्या, चप्पल काढली, अंगठ्यानं माती उकरून बघितली आणि म्हणाल्या, "आवं काकू, हिला कुणी कवा उलथलीच न्हाई. लय घट्ट झालीया बिचारी."

मातीला बिचारी म्हणाली बघा. मला वाटलं, बिचारी मीच.

पंधरा दिवसांत त्यांच्या गावाकडनं टेंपोभर शेणखत आलं. सुभेदारसाहेब सुतळी धरून सरळ रेषा आखायचे, बाई मागनं खणायच्या. प्रत्येक झाडाला आळं झालं. ज्या जास्वंदीला मी आठ वर्षं पाणी घालून चार फुलं बघितली होती, ती त्या पावसाळ्यात अशी फुलली की शेजारच्या कॉलनीतले लोक गणपतीला फुलं मागायला आले. बायका आता फाटकातून थेट त्यांच्याकडं जायच्या. सुभेदारीणबाई, माझ्या मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत? सुभेदारीणबाई, कडिपत्त्याची पानं का गळतात? सगळ्यांना उत्तर मिळायचं. चहाला माझ्याकडं यायचं त्यांना आठवायचं नाही.

एकदा भाजीच्या गाड्यावर एक नवी भाडेकरीण भाजीवाल्याला विचारत होती, सुभेदारीणबाईंची बाग कुठंशी आली? मी वांगी निवडत होते. निवडलेली चार वांगी तशीच गाड्यावर ठेवली आणि घरी आले. त्या दिवशी पिठलं केलं. हे म्हणाले, वांगी आणायला गेली होतीस ना? मी म्हटलं, किडकी होती.

मी मग लहानसहान गोष्टी करायला लागले. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सकाळी फाटक उघडायला उशीर करायची. त्या बाहेर उभ्या असायच्या आणि मी आत चहा गाळत असायची, एकदा गाळलेला परत गाळायची. शेणानं डास होतात असं दोघीतिघींना सांगितलं. त्यांनी घरी पिकलेली पपई पाठवली, आमच्या ह्यांनी खाल्ली आणि साखरेसारखी आहे म्हणाले, तर मी दोन दिवस ह्यांच्याशी धड बोलले नाही.

उन्हाळ्यात सुभेदारीणबाईंनी नवीन टूम काढली. कंपाऊंडच्या कडेनं वाफे करायचे, घराला एक वाफा. ज्यानं त्यानं आपला सांभाळायचा, म्हणजे बाग सगळ्यांची होईल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त राग आला. पापडांच्या वर्षी मला का हे सुचलं नाही? कुणी भेंडी म्हटलं, कुणी गवती चहा. फाटकाजवळचा कोपऱ्यातला वाफा मी घेतला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मी हळद लावणार. सुभेदारीणबाई म्हणाल्या, "चांगलं हाय की. बियाणं गावाकडनं मागवू का, काकू?"

मी म्हटलं, "हळदीचं मला कुणी शिकवू नये. जन्म गेला माझा हळदीत."

बायकांनी विषय भेंडीवर नेला. त्या पुढचा वाफा मोजायला गेल्या. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून बाजारात गेले. वडील ज्या पेढीवर तोलायचे ती अजून आहे, आता जुन्या शेटजींचा नातू गादीवर बसतो, चाळिशीचा आहे, मला आत्या म्हणतो. मी म्हटलं, तुझ्याकडची एक नंबर हळकुंडं दे, निवडून. त्यानं विचारलं, घरात कार्य काढलंय का? मी म्हटलं, तुला कशाला चौकशी? मला ती गोष्ट गुपित ठेवायची होती. सांगितलं असतं तर त्यानं तिथंच कपाळाला हात लावला असता आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण त्यानं चहा पाजला, पिवळीधमक, गुळगुळीत, वाजवली की खडखडणारी हळकुंडं बांधून दिली, आणि मी विजयी होऊन परत आले.

रविवारी वाफ्यावर पाच सवाष्णी बोलावल्या. हळदीकुंकू केलं, नारळ वाढवला. हळकुंडं परडीत मांडली होती, दृष्ट लागावी अशी. सुभेदारीणबाईंनी परडीतलं एक उचललं, बोटांत फिरवलं, माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "वाफा लय झकास काढलाय, काकू." एवढंच. मला वाटलं, जळली. मनातल्या मनात मी आणखी एक नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी आल्या होत्या. मी जाळीच्या दारातूनच म्हटलं, काम चाललंय, नंतर या. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग गेल्या.

पाऊस आला. भेंडी वर आली, गवती चहा फोफावला, घेवड्याचे वेल कंपाऊंडवर चढले. माझ्या वाफ्यात पाणी तेवढं साचायचं. रोज सकाळी चष्मा लावून बसायची. एकदा हिरवा कोंब दिसला, मी ह्यांना हाका मारून बोलावलं. ते म्हणाले, हा लव्हाळा आहे. तीन आठवडे झाले, पाच झाले. जाता-येता बायका विचारायच्या, काकू, हळद कशी आहे? आधी काळजीनं विचारायच्या, नंतर हसू दाबून.

एक दिवस फाटकाशी एकीनं असंच विचारलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, कशी असणार, शेणखत कच्चं घातलंय, बियाणं जळलं माझं. प्रत्येक वाफ्याला एकेक पाटी खत सुभेदारीणबाईंनीच घातलं होतं. कच्च्या शेणानं बियाणं जळतं, हे मला त्यांच्याच तोंडून कळलेलं. ते मी त्यांच्यावरच उलटवलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट चार घरांत फिरून माझ्याकडं परत आली तेव्हा तिला एक शब्द जास्तीचा चिकटला होता. मुद्दाम. काकूंच्या वाफ्यात सुभेदारीणबाईंनी मुद्दाम कच्चं शेण घातलं. हा शब्द माझा नव्हता. पण मला सांगणारीला मी 'नाही गं' असंही म्हटलं नाही. मी म्हटलं, देव बघतोय.

सुभेदारीणबाई बागेत यायच्या बंद झाल्या. भांडल्या नाहीत, विचारायला आल्या नाहीत, नुसत्या यायच्या बंद झाल्या.

आता बघा, मला पाहिजे होतं ते मिळालं. बायका परत माझ्याकडं यायला लागल्या. काकू, भेंडीच्या पानांना भोकं पडलीत, काय मारायचं? काकू, घेवडा पिवळा पडलाय. पहिले दोन दिवस मला असा आनंद झाला की काय सांगू. चहाचं पातेलं मोठं घेतलं. पण उत्तर कुठनं आणू? एकीला म्हटलं राख टाक, दुसरीलाही म्हटलं राख टाक, तिसरीनं प्रश्नच विचारला नाही, म्हणाली, राखच ना? आषाढात गवत गुडघ्याएवढं झालं. मोगऱ्याच्या आळ्यात पाणी तुंबून मुळं कुजली. बायका यायच्या, वाफ्याकडं बघायच्या, चपलेचा चिखल पुसायच्या आणि घरी जायच्या. पापडांच्या वर्षी वाचवलेली जागा माझ्या डोळ्यांदेखत परत रान व्हायला लागली होती, आणि ह्या वेळी तिथं कुणी वाळू टाकली नव्हती.

मी ठरवलं, ह्याचा निकाल लावायचा. पेढीवरच जाऊन विचारायचं. मनात होतं, हळद उत्तम होती असं त्याच्याकडून वदवून घ्यावं, म्हणजे खतच वाईट ठरेल. वाफ्यातली दोन हळकुंडं उकरून पिशवीत घातली, फुगून मऊ झालेली. गादीवर आपटली आणि म्हटलं, बघ, तुझी एक नंबर हळद, लावून दोन महिने झाले, कोंब नाही. का उगवली नाही सांग.

त्यानं एकदा हळकुंडाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आत्या, तुम्ही ही लावली?"

"मग काय पूजेला ठेवू?"

"आत्या, ही शिजवलेली असते. शेतात कढईत शिजवतात, वाळवतात, घासतात, मग बाजारात येते. शिजवलेली हळद कशी उगवेल?"

पाठीमागं पोती लावणारे दोन हमाल थांबले. त्यातला एक म्हातारा, माझ्या वडिलांना ओळखणारा. तो तोंड फिरवून हसला. हसला याचं नाही वाईट वाटलं, तोंड फिरवलं याचं वाटलं. शेतात हळद शिजवतात हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं हो. पण आमच्या दारात हळद यायची ती कडक, पिवळी, पोत्यातली. ती कधी ओली होती, जिवंत होती, हा विचारच डोक्यात शिरला नाही. जन्म गेला माझा हळदीत, आणि मी मेलेल्या हळदीला हळदीकुंकू वाहून पाणी घालत बसले होते.

रिक्षात बसल्यावर मला ते परडीतलं हळकुंड आठवलं. उघडून मिटलेलं तोंड आठवलं.

घरी न जाता रिक्षा त्यांच्या दारात थांबवली. सुभेदारीणबाईंनी दार उघडलं. या म्हणाल्या नाहीत, पण दार उघडं टाकून आत गेल्या, म्हणून मीही गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि बाजारात काय झालं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"हातात घेतली तवाच कळलं मला," त्या म्हणाल्या. "कडाक वाजली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? वयानं थोरल्या माणसाला पाच सवाष्णींत तोंडावर पाडू? दुसऱ्या दिशी आले होते सांगाय. तुमी जाळी बी उघडली न्हाई."

मी सुपातल्या चार शेंगा घेऊन फोडायला लागले.

"हळदीचं सोडा, काकू. ते मी इसरले. पर मुद्दाम घातलं म्हनालात, ते लागलं. जनावराच्या म्होरं नासकं टाकलं न्हाई मी कवा, तुमच्या मातीत टाकीन?"

"मुद्दाम मी म्हटलं नव्हतं हो."

"न्हाई बी म्हनला न्हाईत."

मी म्हटलं, उद्या बागेत या, सगळ्यांसमोर सांगते की चूक माझी होती. तर त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"मी कशाला येऊ? माझ्यासमोर सांगायचंच न्हाई ते. मी नसताना बोललात, तर मी नसतानाच सांगा."

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला हेवा वाटला. मला हे इतक्या सरळ बोलता आलं असतं का? मी रडले असते, चार गोष्टी सुनावल्या असत्या, टेंपोभर खताचे पैसे मागितले असते. ही बाई बोलण्यातही सुतळी धरल्यासारखी सरळ.

मग मी निघाले. ज्या घरांतून ती गोष्ट गेली होती त्या घरांतून. पहिल्या घरी पाणी मागितलं, हवापाण्याचं बोलले, शेवटी उठता उठता उंबऱ्यात सांगितलं. ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. दुसऱ्या घरी जरा नीट सांगितलं. तिसऱ्या घरी हमालाचं तोंड फिरवणंही सांगितलं. चौथ्या घरापर्यंत ती गोष्ट अशी रंगली होती की मी राखेचासुद्धा किस्सा जोडला आणि सासू-सून दोघी डोळे पुसायला लागल्या, आणि मला, काय सांगू, मजा यायला लागली होती. तिथंच मी थांबले. कारण हळदीचं सांगणं सोपं झालं होतं, दुसरं राहत होतं. मी म्हटलं, आता हसू नका, एक ऐका. खत चांगलं होतं. 'मुद्दाम' हे खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला माहीत असताना मी गप्प बसले. मला सुभेदारीणबाईंचं बरं बघवत नव्हतं म्हणून गप्प बसले.

कुणी हसलं नाही. सासूनं माझ्यासमोर गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. मग मी मागं फिरले आणि पहिल्या तिन्ही घरांत परत गेले, कारण तिथं मी नुसतं हसवून आले होते. आमचे हे गच्चीतून बघत होते, ही एकाच गल्लीत दोनदा का फिरतेय म्हणून.

सुभेदारीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. श्रावण लागल्यावर एका सकाळी मी फाटक उघडलं तर बाहेर उभ्या होत्या, हातात झेंडूच्या रोपांचा ट्रे. मी त्या दिवशी चहा गाळायला थांबले नव्हते, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते. त्या सरळ आत गेल्या, मोगऱ्याच्या आळ्याला चर काढून तुंबलेलं पाणी बाहेर सोडलं.

अर्ध्या तासात सगळ्या बायका गोळा झाल्या. त्यांच्याभोवती. भेंडी, घेवडा, भोकं, पिवळी पानं, महिनाभराचे प्रश्न एकदम. मी माझ्या कोपऱ्यात उभी. मला कुणी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही नव्हतंही. तरी कान तिकडंच. तेवढ्यात तिकडनं तो आवाज आला, गल्लीच्या टोकाला जाणारा.

"काकू, ती मसाल्याची हळद काढा आदी. आता हळदीचं दिस गेलं. झेंडू लावू, दसऱ्याला येतोय."

बायका हसल्या. मीही हसले, थोडी उशिरा. खाली बसले, गुडघे कुरकुरले. चिखलातनं एकेक हळकुंड काढलं, ढीग केला. सुभेदारीणबाई ट्रे घेऊन आल्या आणि माझ्याच वाफ्यात, माझ्याशेजारी बसल्या. त्यांनी ओळीनं चार रोपं लावली, मी दोन लावली. मागं उभी असलेली एक म्हणाली, बघा, सुभेदारीणबाईंची ओळ कशी फूटपट्टीनं आखल्यासारखी आहे. माझ्या ओळीबद्दल ती काही म्हणाली नाही.

मी हात पुढं केला, अजून एक रोप मागितलं. त्यांनी दिलं आणि म्हणाल्या, "वरवर नको, काकू. मुळाशी माती घट्ट दाबा."

मी दाबली. पाहिजे होती त्यापेक्षा जरा जास्तच जोरानं दाबली.